वेन गुंबान यांचे पंधरा गुण

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ५.४०

आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाने ठेवावी. पुढे लोक तारखा विचारतात. वही माझ्या बायकोच्या, मेर्लिंडाच्या शाळेतली, जुनी हजेरीवही. पहिल्या सहा पानांवर तिसरी 'ब'ची मुलं आहेत. सातव्यापासून मी.

वस्तुस्थिती. बेनितेस सर ऑक्टोबरअखेर निवृत्त. त्यांच्यानंतर श्वसनोपचार विभागाचा प्रमुख कोण, असा प्रश्न हॉस्पिटलात काहींना पडलेला दिसतो. मला पडलेला नाही. अठ्ठावीस वर्षं मी आमच्या इलोइलो शहरातल्या छात्यांत हवा भरतोय. आमच्याकडचा पहिला व्हेंटिलेटर ट्रकमधून उतरला तेव्हा त्याचा खोका मी फोडला. (माहितीपुस्तिका बेनितेस सरांनी वाचली.)

एक किरकोळ काम: लायसन्सचं नूतनीकरण. मुदत २० ऑक्टोबर, म्हणजे माझा बावन्नावा वाढदिवस. लायसन्स देणारा सरकारी आयोग ते वाढदिवसालाच संपवतो. केक कापायचा आणि त्याच दिवशी बेकायदा व्हायचं. काम अर्ध्या तासाचं. सात आठवडे हातात. घाई नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

कर्मचारी विभागाच्या तेसालोना बाईंनी नोटीस बोर्डावर सगळ्यांच्या लायसन्सच्या तारखा लावल्या. माझं नाव लाल शाईत. सौम्य शब्दांत विचारलं, बाई, लालच का? म्हणाल्या, सर, ज्यांचं झालंय ते हिरवे, ज्यांनी अर्ज केलाय ते पिवळे. तुम्ही काहीच केलेलं नाही, म्हणून लाल. वाईट वाटत असेल तर खाली रेघ मारत नाही.

दिविना कातालबास हिरवी. तिचा वाढदिवस डिसेंबरात! ही मुलगी जेवणाची घंटा होण्याआधी हात धुऊन बसणाऱ्यांतली. माझीच विद्यार्थिनी, आता आमच्याच विभागात. वय चौतीस. प्रत्येक सेमिनारला पहिल्या रांगेत, मान खाली, वहीत लिहीत. इतकं लिहावं लागतं म्हणजे लक्षात राहत नसणार.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

नियम समजून घेतला. तीन वर्षांत पंधरा गुण हवेत. सेमिनारला गेलं की गुण मिळतात, दिवसभराच्या सेमिनारला आठ. मागच्या वेळी बेनितेस सरांनी सगळ्यांचं एकगठ्ठा करून दिलं होतं, त्यामुळे या कारकुनीशी माझा संबंध आला नाही.

हिशोब. तीन वर्षांत सात सेमिनार झाले. मी एकही चुकवला नाही. चुकवणार कसा? सातही ठिकाणी सूत्रसंचालक मीच. प्रार्थना, राष्ट्रगीत, पाहुण्यांची ओळख, जेवणानंतर पेंगणाऱ्यांना उभं करून हातपाय हलवायला लावणं, शेवटी राइस कुकरची सोडत. साती आठे छप्पन. लागतात पंधरा. उरतात एक्केचाळीस. ते कुणा गरजूला देता येतात का, विचारायला हवं.

रविवार, ८ सप्टेंबर

चर्चहून आल्यावर दिवाणखान्याच्या भिंतीवरची सगळी प्रमाणपत्रं उतरवली. बावीस फ्रेमा. झेरॉक्स काढून आयोगाला पाठवायची. भिंतीवर बावीस पांढरे चौकोन उमटले. घर एवढं जुनं झालंय याची कल्पना नव्हती.

मेर्लिंडा शिक्षिका. तिला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. चष्मा लावून सातही सेमिनारची पत्रं वाचली. म्हणाली, वेन, यात तू हजर होतास असं कुठंच लिहिलेलं नाही. यात लिहिलंय, 'आम्ही आपले आभारी आहोत.'

मी म्हटलं, हजर नसलेल्या माणसाचे कुणी आभार मानतं का?

म्हणाली, अरे राजा, मंडपवाल्याचेही आभार मानतात. म्हणून तो काही थेरपिस्ट होत नाही.

बायकोला स्टेजची भाषा समजत नाही. चालायचंच. जेवायला बांगडा होता, तेवढ्यापुरता वाद थांबवला.

सोमवार, ९ सप्टेंबर. दुपारी १.१५

सेमिनार भरवणाऱ्या थेरपिस्ट संघटनेच्या ऑफिसला फोन. तरुण मुलगी, आवाज बरा. (शब्दांची शेवटची अक्षरं खाते. सांगितलं तिला.) तिने सांगितलं की वक्त्याला गुण असतात, श्रोत्यालाही गुण असतात. विचारलं, आणि सूत्रसंचालकाला? बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाली, सर, सूत्रसंचालकाला जेवण असतं.

म्हटलं, अगं पण मी दिवसभर तिथेच होतो! ती म्हणाली, सर, मला माहितेय, तुमच्या सोडतीत राइस कुकर माझ्या मावशीला लागला. पण हजेरीच्या वहीत सही हवी. सातही वह्या पाहते. पाहिल्या. सातांपैकी सही: शून्य.

अर्थातच शून्य! ज्याच्या नावाची पाटी दारात लागलीय त्याने त्याच दारात रांग लावून सही करायची? मला आठवतंय, एकदा दिविना वही घेऊन थेट स्टेजजवळ आली होती. सर, तुमची सही राहिली. मी माईकवरून म्हटलं होतं, कातालबास मॅडम, सह्या नट्यांच्या घ्यायच्या, थेरपिस्टच्या नाही. हॉल पोट धरून हसला. ती लाल होऊन जागेवर बसली.

चांगला विनोद होता. आजही वाटतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

आयोगाला अर्ज: विशेष बाब म्हणून छप्पन गुण द्यावेत, किमान पंधरा. साडेतीन पानं लिहिली. मेर्लिंडाने लाल पेनाने अकरा ओळींवर आणली. 'पश्चिम विसायस प्रांताचा आवाज' खोडलं. विचारलं, हे का? म्हणाली, कोण म्हणतं असं? म्हटलं, मी सूत्रसंचालन करतो तेव्हा मीच म्हणतो. म्हणाली, म्हणूनच.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

चांगला दिवस. सात नंबर खाटेवरचे फेलिपे काका, चाळीस वर्षं प्रवाशांची जीपनी गाडी चालवून धुराने फुप्फुसं काळी झालेली, आज मशीनवरून सुटले. तीन दिवस सगळे प्रयत्न करत होते. नळी काढायची म्हटली की काका घाबरून दम सोडायचे. मी शेजारी बसलो. म्हटलं, काका, चौकात लाल दिवा आहे, घाई नाही. श्वास आत. थांबा. आता हिरवा. सोडा. चाळीस मिनिटं दिवे बदलत राहिलो. शेवटी काकांनी डोळे उघडले आणि खरखरत्या आवाजात विचारलं, भाडं किती झालं?

दिविना दारात उभी होती. म्हणाली, सर, मला हे नाही जमत. मी आकडे सांगते आणि पेशंट आणखी घाबरतो. प्रामाणिक मुलगी आहे. प्रमुख झाल्यावर तिला हाताखाली ठेवीन.

शनिवार, २१ सप्टेंबर

आयोगाचं उत्तर. दोन ओळी. 'नियमात तरतूद नाही. पंधरा गुण सादर करावेत.' पण सुरुवात 'आदरणीय श्री. गुंबान' अशी आहे. दार पूर्ण बंद असतं तर आदरणीय लिहिलं नसतं.

संध्याकाळी दिविनाचा फोटो फेसबुकवर. आज इथेच, आमच्या घरापासून जीपनीने दहा मिनिटांवर, दिवसभराचा सेमिनार होता. आठ गुणांचा! सोमवारी फोन करून झापलं, हे मला कुणी सांगायचं? ती म्हणाली, सर, मीच सांगितलं होतं, गेल्या मंगळवारी, नेब्युलायझरच्या कपाटाजवळ. तुम्ही म्हणालात, मला अजून बोलावणं आलेलं नाही.

खरं आहे, आलं नव्हतं. सूत्रसंचालनाला कुणी दुसऱ्यालाच घेतलं. फोटोत पाहिला. माईक छातीशी धरतो. छातीशी! लोकांना काय ठोके ऐकवायचेत?

(सोमवारचा मजकूर शनिवारच्या तारखेखाली आलाय. असू दे. आठवडा वाईट गेला.)

गुरुवार, २६ सप्टेंबर

फोटो. लायसन्ससाठीचे नियम: मागे पांढरी भिंत, कॉलरचा शर्ट, चष्मा नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत. माझ्याकडे तयार फोटो आहे, देखणा, किंचित उजवीकडे पाहणारा. तेसालोना बाई म्हणाल्या, सर, हा कोण? म्हटलं, मीच, थोडा आधीचा. म्हणाल्या, यात मागे कॅलेंडर आहे, त्यावर २००९ आहे.

नवीन काढला. कान दिसतात. फक्त कानच दिसतात. मेर्लिंडा म्हणाली, अगदी तुझ्या बाबांसारखा. तिला बाबा कधीच आवडले नाहीत.

मंगळवार, १ ऑक्टोबर

निर्धार. आता दुसऱ्यांच्या भरवशावर राहायचं नाही. घरी बसून करायचा एक ऑनलाइन कोर्स आहे, कृत्रिम श्वसनावर. चार तास व्हिडिओ, शेवटी तीस प्रश्न, पास झालं की सात गुण. विषय माझाच. जवळजवळ अपमान वाटावा इतका सोपा. व्हिडिओ लावला आणि मासे तळायला घेतले. मध्ये मध्ये स्क्रीनवर विचारतो, 'आपण आहात का?' मेर्लिंडा जाता-येता 'आहे' वर बोट ठेवत होती. म्हणाली, हा प्रश्न मी तुला लग्नापासून विचारतेय, त्याचं उत्तर असं एका बोटात देता येतं हे माहीत नव्हतं.

निकाल: तीसपैकी नऊ. नापास.

प्रश्न सदोष आहेत. उदा. नळीच्या टोकाला जो छोटा फुगा असतो तो श्वासनळीत किती फुगवावा, हे कसं ठरवाल? मी अठ्ठावीस वर्षं त्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा दोन बोटांत दाबून ठरवतो. हा पर्याय दिलेला होता. निवडला. चूक! म्हणे, दाबाचा मापक लावूनच ठरवावं. बोटांवर विश्वास नसलेली पिढी.

बुधवार, २ ऑक्टोबर

गंमत म्हणून मापक लावून पाहिला. पाच पेशंट. बोटं चुकली नव्हती. तिघांच्या बाबतीत थोडीशी चुकली होती. एकाच्या बाबतीत थोडीशी जास्त. सगळ्यांची हवा गुपचूप योग्य केली. दिविना मागून म्हणाली, सर, बरं झालं तुम्हीच केलंत, मला सांगायला संकोच वाटत होता. विचारलं, किती दिवस? म्हणाली, चार वर्षं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

संचालक डॉ. एचानोवांनी बोलावलं. कॉफी. चांगलं लक्षण. म्हणाले, वेन, समितीपुढे दोन नावं आहेत, तुझं आणि त्या कातालबासचं. मला तू हवास. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणारा माणूस हवा. पण एकवीस तारखेला, सोमवारी, हॉस्पिटलच्या तपासणीला बाहेरची माणसं येतायत. त्या दिवशी सकाळी आठला तुझे पंधरा गुण माझ्या टेबलावर हवेत. नसतील तर मी तिचं नाव पुढे करणार. आणि वेन, वीस तारखेनंतर लायसन्स नसेल तर तू मशीनला हात लावायचा नाहीस. भांडारात बसशील, नळ्या मोजशील. त्यात माझा राग नाही.

म्हटलं, सर, काळजी नसावी. म्हणाले, मला काळजी नाही. मला तुझी सवय आहे.

शेवटचं वाक्य कौतुकाचं असावं.

रविवार, ६ ऑक्टोबर

ऑनलाइन कोर्स, दुसरी फेरी. मेर्लिंडा शेजारी खुर्ची टाकून बसली, हातात पट्टी. व्हिडिओ थांबवून विचारायची, काय म्हणाली ती बाई? सांग. परत लाव. चार तासांचे सहा तास झाले. दोनदा उठायला निघालो, दोनदा पट्टी टेबलावर वाजली. तिसरी 'ब' इतकी शिस्तीत का असते ते कळलं.

तीसपैकी सव्वीस! सात गुण! स्वतःच्या बळावर.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सात झाले, आठ हवेत. वीस तारखेच्या आत एकच सेमिनार उरलाय: शनिवार, १९ ऑक्टोबर, समुद्रापलीकडे बाकोलोदला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. आठ गुण. सात अधिक आठ पंधरा. किती सुबक. दैव माणसाला उगाच धावायला लावत नाही, वेळेवर आणून सोडतं.

नावनोंदणीचा फॉर्म भरला. 'भूमिका' असा रकाना होता. पर्याय: वक्ता, श्रोता. बराच वेळ पाहत बसलो. मेर्लिंडाने हात पुढे करून 'श्रोता' वर टिचकी मारली.

मग वक्त्यांची नावं पाहिली. अकरा वाजता: दिविना कातालबास. विषय: नळीतल्या फुग्याचा दाब, बोटाने की मापकाने.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दिविनाने गाठलं. म्हणाली, सर, तुम्ही येताय म्हणून सांगते. बाकोलोदचे लोक कडक आहेत. सकाळी वहीत सही, आणि शेवटी पडद्यावर एक कोड येतो, तो आपापल्या मोबाईलने स्कॅन करायचा. पाच मिनिटं असतो फक्त. सही आहे, कोड नाही, तर गुण नाहीत. गेल्या वर्षी एक बाई तेवढ्यात बाथरूमला गेली, तिचे आठच्या आठ बुडाले. रडली, तरी नाही दिले.

म्हटलं, अगं, मला हे सांगतेस? शेकडो लोकांना हे मी समजावून सांगितलंय. म्हणाली, हो सर, तुमच्याकडूनच शिकले.

एक शंका आली. हिला पद मिळायची संधी आहे, मी चुकलो तर हिचा फायदा. मग सांगते कशाला? मेर्लिंडाला विचारलं. म्हणाली, काही माणसं अशीच असतात, वेन. तुला नमुना पाहायला मिळाला तर नीट बघून घे.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

मेर्लिंडा आज चेष्टा करत नव्हती. ताट वाढून समोर बसली. म्हणाली, पद मिळालं नाही तर नाही. पण तू भांडारात बसून नळ्या मोजतोयस आणि वर कुणी फेलिपे काका घाबरून गुदमरतायत, हे मला बघवणार नाही. आणि तुलाही नाही. तेव्हा शनिवारी माईकजवळ जायचं नाही. शपथ घे.

घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवून. तिने हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, इथे घे, जबाबदारी इथली आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

तयारी. पहाटेच्या बोटीचं तिकीट. मोबाईल चार्ज. पेन दोन. कोरी वही (हो, मीही लिहिणार!). साधा कॉलरचा शर्ट. भरतकामाचा बारोंग सदरा मुद्दाम कपाटातच ठेवला. स्टेजवरचे कपडेच नाहीत म्हटल्यावर स्टेजचा प्रश्न येत नाही.

उद्याची शिस्त: शेवटची रांग. कोपरा. मान खाली. कुणी ओळखलं तर नुसतं हसायचं. माईक समोर आला तरी हात खिशात. अठ्ठावीस वर्षं लोकांना श्वास रोखायला सांगितला, एक दिवस मीही रोखेन.

६.२०

बारोंग घेतला. समुद्रावर हवा बदलते.

शनिवार, १९ ऑक्टोबर. सकाळी ८.०५, बाकोलोद, हॉल

पोचलो. गावात मास्काराचा उत्सव, रस्त्यारस्त्यांत हसरे मुखवटे घालून माणसं नाचतायत. धक्क्यापासून चालत यावं लागलं. वहीत सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, रांगेत उभं राहून. काही वाटलं नाही. शेवटची रांग, कोपरा. मेर्लिंडाला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

८.४०

साडेआठ वाजून गेले, सुरुवात नाही. स्टेजवर धांदल. पुढच्या माणसाकडून कळलं, सूत्रसंचालक इथल्या रेडिओवरचा आहे, येताना मिरवणुकीत अडकलाय. आयोजक लासेर्ना बाई स्वतः माईक हातात घेऊन उभ्या. माईक उलटा धरलाय.

माझा संबंध नाही.

८.४७

त्या प्रार्थना म्हणतायत. मध्येच विसरल्या. शंभर माणसं मान खाली घालून वाट बघतायत. देवही बघत असेल.

संबंध नाही.

८.५२

लासेर्ना बाईंनी ओळखलं. धावत आल्या. म्हणाल्या, गुंबान सर! देवानेच पाठवलं तुम्हाला! मी ठाम नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, कारण तोपर्यंत मी उठलो होतो. फक्त राष्ट्रगीतापुरतं. तो रेडिओवाला दहा मिनिटांत पोचतोय. सही झालेली आहे, कोड संध्याकाळी आहे. मधला वेळ कुणाच्या नियमात येत नाही. शपथ माईकजवळ न जाण्याची होती. हा बिनतारी आहे, तो माझ्याजवळ आला.

बारोंग घालायला जातो.

संध्याकाळी ५.४०, परतीची बोट

कार्यक्रम अप्रतिम झाला.

रेडिओवाला आलाच नाही. नऊ वाजता हॉल मरगळलेला होता, सव्वानऊला माझ्या मुठीत. दिविनाची ओळख करून दिली. 'माझी विद्यार्थिनी' असं म्हणणार होतो. मग का कोण जाणे, म्हटलं, हिने मला चार वर्षं एक चूक दाखवली नाही, माझा मान राखला म्हणून; आणि पेशंटनी ती सोसली. आज मात्र ती सगळ्यांना दाखवणार आहे, नीट ऐका. तिने माईक घेतला. मग अप्रतिम बोलली. मी खाली उतरून ऐकलं, वहीत दोन पानं लिहिली. हे मेर्लिंडाला सांगायचं.

जेवणानंतर पेंगणाऱ्यांना उभं केलं. सगळ्यांना फेलिपे काकांच्या चौकातले दिवे शिकवले: लाल, थांबा, हिरवा, सोडा. शंभरावर थेरपिस्ट एका लयीत श्वास घेतायत, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नंतर सोडत, इस्त्री आणि टेबलफॅन.

चार वाजता पडद्यावर कोड आला. लासेर्ना बाई घाबऱ्याघुबऱ्या, म्हणाल्या, सर, तुम्हीच सांगा, माझं कुणी ऐकत नाही. मी सांगितलं. पाच मिनिटं, मंडळी, फक्त पाच! मोबाईल काढा, पडद्याकडे धरा. सही आहे, कोड नाही, तर गुण नाहीत. गेल्या वर्षी बाथरूमला गेलेल्या बाईंची गोष्टही सांगितली. मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांना स्कॅन जमत नव्हतं, माईक बगलेत धरून मी स्वतः त्यांचा मोबाईल हातात घेऊन करून दिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

दोन मिनिटं उरली तेव्हा बाई कानाशी लागल्या. सर, वहीत सह्या एकशे तेरा आहेत, कोड आलेत एकशे बारा. कुणीतरी एक जण राहिलाय, हाक मारा ना. मी मारली. पूर्ण आवाजात, तीनदा. कोण राहिलंय? हात वर करा! अहो, तुमची तीन वर्षं बुडतील!

पहिल्या रांगेत दिविना उभी राहून दोन्ही हातांनी माझ्याकडे बोट दाखवत होती. मी माईकवरून म्हटलं, कातालबास मॅडम, वक्त्यांना गुण आपोआप मिळतात, बसा खाली. हॉल पोट धरून हसला. ती बसली नाही. स्टेजकडे पळत यायला लागली, पण मध्ये टेबलफॅनचा खोका आणि फोटो काढून घेणारी माणसं. मी पुन्हा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. एकही हात वर नाही. म्हटलं, बघा मंडळी, अशी बेफिकीर माणसं असतात आपल्या पेशात.

मग पडदा पांढरा झाला.

लासेर्ना बाईंनी वही आणून दिली. म्हणाल्या, बघा तरी सर, कोण बिचारा ते. यादीशी ताडत बोट खाली फिरवत गेलो. ऐंशी, नव्वद, शंभर. एकशे तेरावी सही इतरांपेक्षा मोठी, दोन ओळी व्यापलेली, शेवटी लांब फराटा. ओळखायला वेळ लागला नाही.